जलरेखा निळी होती

नाडकर्ण्यांच्या घरात प्लास्टिकचे चमचे टिकत नसत. अनुजाने कुणाच्या वाढदिवसासाठी पाकीट आणून ठेवावं आणि आइस्क्रीम काढल्यावर ते रिकामं मिळावं, हे इतक्यांदा झालं होतं की तिने आता चिडणंही सोडलं होतं. चमचे शोधावे लागत नसत. बाल्कनीला लागून असलेल्या छोट्या खोलीत ते दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांना उलटे टांगलेले असायचे, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळा रंग. "आमच्याकडे येताना चमचा घरून आणा," असं ती पाहुण्यांना सरळ सांगायची.

हा उद्योग तिच्या नवऱ्याचा. उन्मेष कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका कंपनीत आठवडाभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत बसून हातभर लांबीची जहाजं बनवायचा, रंगवायचा. रंग आधी चमच्यावर, पटला तर जहाजावर. साध्या ब्रशला हात लावून त्याला वर्षं झाली होती. त्याच्याकडे एअरब्रश होता. पेनासारखा धरायचा, वर अंगठ्याच्या पेराएवढी वाटी, वाटीत दुधाइतका पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग, आणि मागे नळीने जोडलेला, सारखा घुरघुरणारा कॉम्प्रेसर. खटका दाबला की हवा, मागे ओढला की हवेबरोबर रंग. हात हलका असेल तर रंग बसताना दिसतच नाही. समोर पांढरं प्लास्टिक असतं, आणि थोड्या वेळाने ते पांढरं नसतं, एवढंच. त्या मधल्या वेळात आपण कुठे असतो ते उन्मेषलाही सांगता आलं नसतं. अनुजा दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा आत येऊन कॉम्प्रेसरचं बटणच बंद करायची.

महत्त्वाचं रंगकाम तो थंडीसाठी राखून ठेवायचा. बाकीचे महिने कोलकात्याची हवा इतकी ओली, की नळीत पाणी धरायचं, रंगाबरोबर थेंब उडायचे आणि आठवड्याच्या मेहनतीवर देवीचे वण उठायचे. डिसेंबर लागला की हवा कोरडी होते, खिडकीबाहेरचे उंच टॉवर धुरकट होत होत नाहीसे होतात, आणि रंग म्हणाल तसा बसतो. यंदाच्या डिसेंबरात त्याच्या टेबलावर होती जलरेखा.

जलरेखा म्हणजे काही युद्धनौका नव्हे. हुगळीचा तळ मोजत फिरणारी, बंदरातली एक साधी लाँच. ह्या नदीतली वाळू आज इथे तर उद्या तिथे. मोठ्या जहाजांना वाट कुठून द्यायची हे सतत नव्याने मोजावं लागतं. उन्मेषचे वडील, श्यामसुंदर नाडकर्णी, उभी नोकरी हेच करत आले. रत्नागिरीहून खिदिरपूरच्या गोदीत आलेला हा माणूस नदीला 'बाई' म्हणायचा. "आज बाईंचं काही खरं नाही," असं म्हणत संध्याकाळी घरात शिरायचा आणि चिखलाचे बूट बरोबर पायपुसण्याच्या शेजारी काढायचा. पुढे जलरेखा मोडीत निघाली, मग ते निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. मोडीत निघाली त्या दिवशी त्यांनी तिच्या अंगावरचा रंगाचा एक पापुद्रा खरवडून आणला होता, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत. ती डबी आता उन्मेषकडे होती.

आणि आई साताऱ्याला निघाली होती, धाकट्या बहिणीकडे, सुनीतीमावशीकडे, कायमची. भांडण नाही, तंटा नाही. मावशी एकटी, आपण एकट्या, आणि न्यू टाउनच्या बाराव्या मजल्यावर बोलायला लिफ्टशिवाय कुणी नाही, असं तिचं म्हणणं. जायच्या आधी तिच्या हातात जलरेखा ठेवायची, एवढं उन्मेषने मनाशी धरलं होतं. घरातल्या फोटोंमध्ये बोट होती, पण ते फोटो काळेपांढरे. रंगाला आधार एकच, डबीतला पापुद्रा. गडद हिरवा, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा.

आता मॉडेल रंगवणाऱ्या मंडळींमध्ये एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. खऱ्या बोटीचा रंग जसाच्या तसा छोट्या बोटीला लावला, तर तो जड दिसतो, खेळण्यासारखा. खरी बोट आपण लांबून बघतो, मध्ये बरीच हवा असते. म्हणून छोट्या बोटीच्या रंगात थोडा पांढरा, थोडा राखाडी घालायचा, म्हणजे ती मधली हवा आली. उन्मेष हे इतरांना फोनवर तास तास समजावून सांगायचा. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने काय केलं? पापुद्रा दिव्याखाली धरून, चमच्यामागून चमचा रंगवून, तंतोतंत तोच हिरवा जमवला आणि त्यात पांढऱ्याचा एक थेंब पडू दिला नाही. बाबांच्या बोटीत पांढरं मिसळायचं म्हणजे त्याला दुधात पाणी घातल्यासारखं वाटलं. प्रेमाने माणूस जो हट्टीपणा करतो त्याला औषध नसतं.

बोट सुकली. नाकाशी बारीक पांढऱ्या अक्षरांत नावही लिहून झालं. एका सकाळी चहाच्या वेळी त्याने ती जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

आईने चष्मा पुसला, बोट बघितली. "छान झालीय रे," ती म्हणाली. नको असलेली साडी भेट आली की ती असंच म्हणायची. "कोणती म्हणायची ही?"

उन्मेषला आधी थट्टाच वाटली. "आई, जलरेखा! नाव वाच की."

"जलरेखा?" आई हसली. "अरे, जलरेखा निळी होती."

"हिरवी होती."

"निळी. काहीतरीच सांगतोस. खिदिरपूरला रोज संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की बघायचे मी. फिकी निळी. तू तेव्हा खाली क्रिकेट खेळत असायचास, तुला काय ठाऊक?"

इथे उन्मेषने गप्प बसायला हवं होतं. पण आठवडाभर चुका काढणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी तरी कुठे राहवतं! तो आत गेला, डबी आणली आणि पापुद्रा आईच्या तळहातावर ठेवला. "हे बघ. बाबांनी स्वतः खरवडून आणलेलं. हा घे पुरावा."

अनुजा स्वयंपाकघराच्या दारातून त्याला डोळ्यांनी खुणावत होती, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आई तळहाताकडे बघत राहिली. बोटाने तिने पापुद्रा उलटा केला. दुसऱ्या बाजूलाही तो हिरवाच होता.

"असेल बाबा," ती म्हणाली. "हिरवीच असेल." मग कुणाला म्हणून नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं तिने विचारलं, "मग इतकी वर्षं मी कोणती बोट बघत होते?"

चहा निवून गेला.

तेव्हापासून आईचं काहीतरी हललं. रडली नाही, रुसली नाही. पण बोलता बोलता मध्येच थांबायला लागली. "ह्यांना कारलं आवडायचं ना गं, अनुजा? की ते माझंच आपलं?" असं तिने एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी उन्मेषला विचारलं, खिदिरपूरच्या घराला दोन खिडक्या होत्या की तीन. एरवी ही बाई चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला जेवणाचा बेत पंगतीसकट सांगायची. आता बॅगेत साड्या भरताना प्रत्येक साडी हातात घेऊन बघत बसायची, ही कुणी दिली होती ह्याची खात्री नसल्यासारखी. जलरेखेचं नाव तिने काढलं नाही. बोट टेबलावरून उचलून कपाटावर ठेवली गेली, आणि साताऱ्याच्या सामानात ती धरायची की नाही हे कुणी विचारलं नाही.

उन्मेषला घास गोड लागेना. साताऱ्यात आईजवळ दुसरं काय असणार होतं? तिथे ना नदी, ना नवरा, ना खिदिरपूरची गच्ची. ती ह्या आठवणींवरच जगणार होती, आणि निघायच्या तोंडावर त्याने त्यांतली एक पुरावा दाखवून काढून घेतली होती. एक काढल्यावर बाकीच्याही सैल झाल्या होत्या. हे आपण केलं, हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि परत कसं जोडायचं ते कळत नव्हतं. हिरवी बोट निळी होती असं खोटं बोलून चालणार नव्हतं. आईला त्याचं खोटं लहानपणापासून ओळखू यायचं.

शेवटी त्याने एक दिवस रजा टाकली आणि खिदिरपूरला गेला. का, ते नीटसं सांगता आलं नसतं. एस्प्लनेडला बस बदलली, गोदीच्या भिंतीला धरून चालत जुन्या क्वार्टर्सपाशी पोचला. दारावरच्या माणसाने बंगालीत विचारलं, कुणाकडे जायचंय. उन्मेषने खरं ते सांगितलं, की मी लहानपणी इथे राहायचो, थोडा वेळ गच्चीवर जाऊ का? त्या माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जा म्हणाला. बहुधा असं विचारणारा तो पहिला नसावा.

गच्चीवर कुणीतरी जुन्या धोतरावर डाळीच्या वड्या वाळत घातल्या होत्या. दुपार कलली होती. नदी होती तिथेच होती, क्रेनच्या आणि गोदामांच्या पलीकडे, पण ती नदी आहे हे आधीपासून ठाऊक असणाऱ्यालाच कळावं अशी. पाणी आणि आभाळ ह्यांच्यात कुठे शिवण दिसत नव्हती. थंडीतल्या धुरक्याने सगळं मऊ करून टाकलं होतं. पलीकडचा काठ, तिथली झाडं, विटांच्या भट्टीची चिमणी, सगळं अर्धवट झोपेत बघावं तसं. उन्मेष कठड्याला टेकून उभा राहिला. लहानपणी तो इथे कधी थांबलाच नव्हता. पतंग कटला की जिन्यावरून खाली धाव, एवढीच त्याची गच्ची.

आई मात्र इथेच थांबायची. तिला पाण्याची फार भीती. धक्क्यावर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाबा किती वेळा म्हणाले, चल, बोट दाखवतो, ती म्हणायची, मला इथून दिसते की. हे आठवलं आणि उन्मेष कठड्यावरून सरळ झाला.

वळणावर काहीतरी आलं होतं. आधी नुसता एक डाग, पाण्यापेक्षा किंचित गडद. मग त्याला लांबी आली. सिमेंटसाठीची राख बांगलादेशात पोचवून रिकामी परतणारी मालवाहू बोट असावी, भरतीबरोबर सावकाश वर येत होती. ती निळी होती. फिकी, धुतलेल्या सुती साडीसारखी निळी. उन्मेष पापणी न हलवता बघत राहिला. बोट इतकी हळू सरकत होती की ती सरकते आहे की नदीच मागे जाते आहे ते कळू नये. अर्ध्या वाटेत निळ्यात काहीतरी मिसळल्यासारखं झालं. आणखी जवळ आल्यावर तिच्या अंगावरचे गंजाचे ओघळ दिसले, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या दिसल्या, आणि अगदी समोर आली तेव्हा ती गडद हिरवी होती. बाटलीसारखी हिरवीगार. रंग कुठे बदलला ते डोळ्यांसमोर घडूनही त्याला पकडता आलं नाही.

तो चक्क मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा बोटीवर होते, त्यांची बोट हिरवी. आई गच्चीवर, तिची निळी. दोघांनी एकच बोट उभा जन्म बघितली आणि एकमेकांना कधी विचारलं नाही, कारण असं कोण कुणाला विचारतं? आणि मधली हवा रंगात धरायची असते हे फोनवर जगाला शिकवणारा त्यांचा मुलगा! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की वड्यांवर टपून बसलेल्या कावळ्याकडेही त्याला बघवेना.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर त्याने कपाटावरून बोट काढली आणि छोट्या खोलीचं दार लावून घेतलं. हिरवा खरवडायचा नव्हता. तो बाबांचा होता, खालीच राहणार होता. त्याच्यावर फक्त हवा चढवायची होती. त्याने वाटीत थोडा राखाडी निळा घेतला, नखभर पांढरा, आणि मग पातळ करणारं द्रावण इतकं ओतलं की वाटीत रंग आहे की नुसतं ढगाळ पाणी ते सांगता येऊ नये. हिरव्या चमच्यांवर फवारून बघितलं. एक फार दुधाळ झाला, एक आजारी दिसायला लागला. नंतरचा चमचा त्याने खिडकीशी धरला आणि त्याला क्षणभर ती गच्चीच दिसली.

कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला. पहिल्या थराने काहीच झालं नाही. दुसऱ्यानेही नाही. थंडीतली कोरडी हवा, रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळायचा. तो थांबायचा, कापसाने टोक पुसायचा, पुन्हा सुरू करायचा. बोटाने खटका ओढायचा तो इतकाच, की ओढला की नाही अशी शंका यावी. खिडकीबाहेर न्यू टाउनचे टॉवर धुरक्यात विरघळले होते, आत टेबलावर बोट विरघळायला लागली होती, आणि त्याला वाटलं की दोन्हीकडे एकच कुणीतरी फवारतंय. पाण्याजवळ धुकं जास्त, म्हणून खालच्या बाजूला हात जरा रेंगाळू दिला. धुराड्याचा हळदी पिवळा शांत झाला. कठड्याच्या सळया आणि काचा, ज्या कोरायला त्याची दोन महिन्यांची नजर गेली होती, त्या एकमेकींत मिसळल्या. बोट टेबलावरून हलली नव्हती आणि तरी मागे मागे जात होती.

नावाशी आल्यावर मात्र त्याचा हात अडला. ती बारीक अक्षरं त्याने श्वास रोखून लिहिली होती. पण गच्चीवरून नाव कुठलं वाचता यायला? तरीही आईला बोट ओळखू यायची. त्याने खटका ओढला. जलरेखा हे नाव हळूहळू धूसर झालं आणि मग राहिलं नाही.

अनुजा दार ढकलून आत आली आणि कपाळाला हात लावला. "अरे, चांगली झालेली बोट पुसतोयस कशाला?"

"पुसत नाहीये," तो मास्कमधून म्हणाला. "लांब नेतोय."

अनुजाने बोटीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. एरवी अशा बोलण्यावर तिने त्याची यथेच्छ खेचली असती. ह्या वेळी तिने कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं नाही, आणि जाताना दार हळू लावून घेतलं.

सुकेपर्यंत त्याला बसवेना. बोट दोन्ही हातांवर घेऊन तो बाहेर आला. छोटी खोली घराच्या एका टोकाला, मध्ये लांबच लांब बोळ, आणि दुसऱ्या टोकाला हॉलमध्ये आई जमिनीवर बसून बॅगेत शाली भरत होती. शब्द त्याने ठरवून ठेवले होते. गच्ची, ती मालवाहू बोट, धुरकं, सगळं समजावून सांगायचं, माफी मागायची. त्याने "आई" म्हणून हाक मारली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

आईने वर बघितलं. "थांब," ती म्हणाली.

तो थांबला.

"पुढे नको येऊस. तिथेच उभा राहा."

ती बघत राहिली. हातातली शाल अर्धवट घडीची तशीच होती. इतक्या लांबून उन्मेषला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि आपण आता काही बोलायचं नाही एवढंच त्याला उमगलं. दूर खाली रस्त्यावर बस गेली. आईने शाल खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग पातेल्यात पाणी पडल्याचा, तांदूळ धुतल्याचा.

"आई, आत्ता भात?" अनुजाचा आवाज. "नाश्ता तर आत्ता झाला."

"अगं, वळणावर आली ना बोट," आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा, कामातला, भानावरचा. "वळणावर दिसली की मी खाली येऊन तांदूळ टाकायचे. बोट बांधून, मोजणीचे कागद देऊन, हे जिना चढून येईपर्यंत भात बरोबर तयार. एक दिवस चुकला नाही कधी. पहिला वाफेचा भात लागायचा ह्यांना, वर नुसतं तूप." काडी ओढल्याचा आवाज झाला; लायटर असूनही ती गॅस काडीनेच पेटवायची. मग तिने तिथूनच, उन्मेष लहान असताना ओरडायची त्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "निळी होती म्हणून सांगत नव्हते का रे मी तुला! ऐकायचं म्हणून नाही कुणाचं!"

"हो, आई," उन्मेष म्हणाला. "निळीच होती."

अनुजा बोळाच्या तोंडाशी आली आणि त्याला हातानेच विचारलं, काय करतोयस, ये की इकडे. त्याने मान हलवून नाही म्हटलं. हात भरून आले होते, रंग अजून ओला होता. पण बोट वळणावर होती आणि भात व्हायला अजून वेळ होता, म्हणून तो तिथेच उभा राहिला.